मनोविकार वॉर्डातली नोकरी

प्रश्न : यंदा बारावी विज्ञान (जीवशास्त्रासह) पास झाले. मला सायकियाट्रिक टेक्निशियन (मनोविकार वॉर्डात रुग्णांची देखभाल करणारा कर्मचारी) व्हायचं आहे. एक संस्था सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर नोकरीची हमी देते. फी भरू का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : भरू नका. या नावाचा परवाना अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यात मिळतो. आपल्याकडे वॉर्डातलं हे काम मुख्यतः नर्सिंगचे लोक करतात आणि सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही. नोंदणी नसेल तर मावशी-मामांच्या कामापलीकडे जाता येत नाही, इंजेक्शन देता येत नाही.

तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, नर्सिंगची पदविका) किंवा चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. त्यानंतर मानसोपचार नर्सिंगची एक वर्षाची पदविका करता येते. बी.एस्सी.च्या कॉलेजची संलग्नता महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे तपासा. विद्यापीठ नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. प्रवेशापूर्वी मनोविकाराची पोस्टिंग कुठे लागते, हेही विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात काही आठवडे मिळाले, तर पुस्तकातली लक्षणं रुग्णांमध्ये ओळखता येऊ लागतात.

प्रश्न : जीएनएम झालो आहे. पुढच्या महिन्यात खासगी मनोविकार वॉर्डात रुजू होतोय. नवीन माणसाचं काय चुकतं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : सगळ्यात जास्त चुकते ती नोंद. 'रुग्ण बरा आहे' असं लिहिलं की पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. किती तास झोपला, काय खाल्लं, कोणाशी बोलला, काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा.

गोळी दिली की पाणी पाजा, दोन वाक्यं बोलायला लावा आणि गाल व जिभेखाली पाहा. गोळ्या साठवून एकदम घेतल्या जातात, म्हणून ही तपासणी. लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध) असलेल्या रुग्णाला उलट्या-जुलाब, हातांना मोठी थरथर किंवा तोल जाणं दिसलं, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवा. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) चालू असताना ताप आणि घसादुखी आली, तर पांढऱ्या पेशींची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. हॅलोपेरिडॉल या भास-आक्रमकतेवरच्या औषधानंतर मान वाकडी झाली किंवा डोळे वर फिरले, तर ते नाटक नाही, औषधाचा परिणाम आहे आणि त्यावर उतारा आहे. अंग लाकडासारखं ताठ आणि सोबत तीव्र ताप, ही मात्र आणीबाणी.

दारू सोडलेल्या रुग्णाला फिट येण्याचा धोका पहिल्या ६ ते ४८ तासांत. भ्रम आणि भास साधारण ४८ ते ७२ तासांत. 'दोन दिवस शांत होता' म्हणून नजर ढिली करू नका.

आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णाकडची ओढणी, पट्टा, बुटांच्या नाड्या, चार्जरची वायर, ब्लेड काढून घ्या, पण का घेतोय ते त्याला सांगून. दर १५ मिनिटांनी पाहणी सांगितली असेल, तर ठरावीक ठेक्यात जाऊ नका. रुग्ण वेळ मोजतो. नैराश्य उतरू लागलं की अंगात शक्ती आधी येते, मन नंतर सावरतं. तेव्हाच पहारा सैल होतो, ही फार महागात पडणारी चूक आहे.

प्रश्न : रुग्ण आक्रमक झाला की नातेवाईक 'बांधून ठेवा' म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : नातेवाइकांच्या सांगण्यावरून बांधता येत नाही. आधी एकच माणूस, हलक्या आवाजात, दोन हात अंतर राखून, जरा तिरका उभा राहून बोलेल. दार अडवू नका, बाकीच्यांची गर्दी हटवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ९७ प्रमाणे, इजा होण्याचा धोका अगदी समोर असेल आणि दुसरा उपाय उरला नसेल, तरच बांधता येतं. प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांची परवानगी लागते, कारणाची नोंद लागते आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेली व्यक्ती) २४ तासांत कळवावं लागतं. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधणं कायद्याला मंजूर नाही. साखळीला तर पूर्ण बंदी आहे. बांधलंच, तर पालथं पाडू नका, छातीवर-पाठीवर दाब देऊ नका, श्वास अडकतो. बोटांचा रंग, गारपणा आणि श्वास सतत पाहत राहा, पाणी आणि लघवीचं विचारा, आणि धोका टळताक्षणी सोडा.