रेडिओलॉजीच्या नव्या रेसिडेंटला

रेडिओलॉजीला आलास, बरं केलंस. पण लगेच नव्या मशीनच्या प्रेमात पडू नकोस. परळला सकाळी ओपीडीची जी रांग लागते, तिच्यातल्या पुष्कळांचं काम अजूनही साध्या एक्स-रेवर नि सोनोग्राफीवर भागतं.

टीबीचंच घे. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने 15 वर्षांवरच्यांचे छातीचे एक्स-रे प्राथमिक चाळणीसाठी सॉफ्टवेअरने वाचायला मान्यता दिली. गोवंडी-मानखुर्दसारख्या दाट वस्तीत याचा मोठा आधार. पण सॉफ्टवेअर फक्त संशय दाखवतं. जुना भरलेला व्रणही त्याला कधी कधी टीबी वाटतो. खात्री थुंकीच्या तपासणीनेच करायची. म्हणून आधी स्वतः फिल्म वाच, मग सॉफ्टवेअरने दिलेला संशयाचा आकडा बघ. उलट केलंस की डोळा आळशी होतो. माझा झाला होता.

खरा पालट मला स्ट्रोकमध्ये दिसला. पूर्वी झटका येऊन सहा तास उलटले की आम्ही हात टेकायचो. 2018 पासून परफ्युजन सीटी (मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारा स्कॅन) किंवा एमआरआयवर वाचवण्याजोगा मेंदू दिसला, तर निवडक पेशंटच्या मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी 24 तासांपर्यंत काढता येते. घड्याळाइतकाच मान आता चित्राला. तरी 'शेवटचे धडधाकट कधी पाहिलं?' हे नातेवाइकांना तूच विचार. फॉर्मवर हटकून चुकीची वेळ असते.

आणि एमआरआयचा चुंबक स्कॅन नसतानाही चालूच असतो. 2018 मध्ये मुंबईतच ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेणाऱ्या एका नातेवाइकाचा जीव गेला. वॉर्डबॉय असो की मोठे सर, दारातच अडव. ओरडा बसेल, बसू दे.