मिरजेच्या केंद्रावर रुजू होणाऱ्या नव्या समन्वयकास

अनेक रुग्णालयांत एकाच वेळी चालणाऱ्या, म्हणजे बहुकेंद्री, वैद्यकीय चाचणीत मिरजेच्या केंद्राची जबाबदारी तुम्ही स्वीकारली आहे, म्हणून प्रथम एक आग्रह धरतो: पहिला रुग्ण सामील करण्यापूर्वी चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया या देशातील चाचण्यांच्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर झाली आहे, याची स्वतः खात्री करून घ्या. १ एप्रिल २०१८ पासून आधी रुग्ण आणि मग नोंदणी हा क्रम तेथे चालत नाही.

खरी कसोटी यादृच्छिक वाटपाची, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे उपचार ठरवण्याची, असते. कोणत्या रुग्णाला कोणते उपचार मिळणार, हे पात्रता व संमतीची नोंद पूर्ण झाल्यावरच मध्यवर्ती सर्व्हरने सांगावे. कारण पुढचे वाटप आधी कळले, तर जतहून आलेल्या एखाद्या गरीब रुग्णाबद्दल डॉक्टरांना वाटणारी कणवसुद्धा निष्कर्षाला एका बाजूस झुकवू शकते, आणि असा दोष नंतर कोणत्याही आकडेमोडीने पूर्णपणे दूर होत नाही. इंटरनेट बंद पडले, तर अंदाजाने वाटप न करता मध्यवर्ती कार्यालयाला फोन करा.

माहिती भरताना रुग्णाचे नाव नव्हे, संकेतांकच वापरा. व्हॉट्सॲपवर केसपेपरचे फोटो पाठवणे, कितीही सोयीचे असले तरी, कटाक्षाने टाळा. प्रत्येकाचा पासवर्ड स्वतंत्र हवा, कारण कोणी, केव्हा आणि काय बदलले याचा माग त्यावरच अवलंबून असतो.

नव्या औषधाच्या चाचणीत गंभीर प्रतिकूल घटना, म्हणजे रुग्णाचा मृत्यू किंवा त्याला रुग्णालयात दाखल करावे लागणे यांसारखी घटना, संशोधकाने २४ तासांत कळवावी, असे नवी औषधे व क्लिनिकल चाचण्यांबाबतचे २०१९ चे नियम सांगतात. तेव्हा रविवारी रात्री ते कोण कळवणार, हे आजच लिहून ठरवा.