ताप उतरल्यानंतरचे दिवसही नोंदवा

प्रश्न : आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. गेल्या आठ महिन्यांत त्याला सात वेळा मोठा ताप आला. प्रत्येक वेळी ताप 103 ते 104 अंशांपर्यंत चढतो, चार-पाच दिवस राहतो आणि आला तसा निघून जातो. सर्दी-खोकला नसतो. घसा लाल आहे असे सांगून डॉक्टर अँटिबायोटिक देतात. असे पाच कोर्स झाले आहेत. तपासण्यांमध्ये विशेष काही निघत नाही. ताप येण्याच्या आदल्या संध्याकाळी तो किरकिर करतो, त्याचे डोळे जड दिसतात आणि उद्या ताप येणार हे मला कळते. पण हे मी सांगितले की सगळे हसण्यावारी नेतात. मधल्या दिवसांत तो ठणठणीत असतो. माझे काही चुकते आहे का? त्याला काही गंभीर आजार तर नसेल?
— एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातील दोन गोष्टींकडे मी सर्वप्रथम लक्ष वेधू इच्छितो. ताप येणार हे तुम्हाला आदल्या संध्याकाळी कळते आणि दोन तापांच्या मधल्या काळात मूल ठणठणीत असते. ज्यावर घरातले हसतात, ते निरीक्षण डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. ते पुढच्या भेटीत संकोच न करता सांगावे.

लहान मुलांना वारंवार ताप येण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे एकामागून एक होणारे विषाणुसंसर्ग. या वयात वर्षाला सहा ते आठ वेळा असे आजारपण येणे स्वाभाविक मानले जाते आणि पाळणाघरात किंवा बालवर्गात जाणाऱ्या मुलांमध्ये ही संख्या याहूनही अधिक असू शकते. मात्र अशा तापाला ठरावीक वेळापत्रक नसते. सोबत नाक वाहते, खोकला येतो, कधी जुलाब होतात आणि घरातले आणखी कोणीतरी त्याच सुमारास आजारी पडते. तुम्ही वर्णन केलेला ताप तसा दिसत नाही. साधारण पाच आठवड्यांच्या अंतराने, जवळजवळ एकाच साच्यात, सर्दीवाचून आणि घशाच्या लालीसह तो येतो आहे.

अशा वेळी बालरोगतज्ज्ञांच्या मनात जी शक्यता येते तिचे नाव पीएफएपीए (ठरावीक काळाने येणारा ताप, तोंडातील व्रण, घशाची सूज आणि मानेतील गाठी यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे). या विकाराचे वर्णन 1987 साली प्रथम प्रसिद्ध झाले. तो बहुधा पाच वर्षांच्या आत सुरू होतो; ताप तीन ते सहा दिवस टिकतो, साधारण तीन ते सहा आठवड्यांनी परततो, आणि त्यासोबत घशाला सूज, तोंडात छोटे व्रण किंवा मानेत गाठी यांपैकी काहीतरी आढळते. जंतुसंसर्ग नसताना शरीराची संरक्षण यंत्रणाच ठरावीक काळाने उसळी घेते, असे त्याचे स्वरूप आहे. तो इतरांना लागत नाही, मुलाच्या वाढीवर परिणाम करत नाही आणि बहुतेक मुलांमध्ये वय वाढेल तसा आपोआप थांबतो. अर्थात, पत्रावरून निदान करण्याचा हा प्रयत्न नव्हे. ही शक्यता तपासून पाहावी, एवढेच मी म्हणतो.

अँटिबायोटिकविषयी थोडे स्पष्ट बोलतो. आपोआप उतरणाऱ्या तापाचे श्रेय त्या दिवशी चालू असलेल्या औषधाला जाते, आणि मग पुढच्या वेळी तेच औषध पुन्हा लिहिले जाते. तुमच्या मुलाच्या पाच कोर्सेसच्या बाबतीत असेच झाले असण्याचा संभव आहे. याचा अर्थ औषध स्वतःच्या मनाने बंद करावे असा नाही. पण घशातील स्रावाची आणि लघवीची कल्चर तपासणी (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) औषध सुरू होण्यापूर्वी करता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. लघवीमार्गाचा संसर्ग लहान मुलांत केवळ तापाच्या रूपाने प्रकट होऊ शकतो आणि औषध आधी पोटात गेले की तो कल्चरमध्ये सापडेनासा होतो.

रक्ततपासणी कोणत्या दिवशी झाली, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी चाचणी) तापाच्या ऐन भरात एकदा, आणि मूल पूर्ण बरे असताना पुन्हा एकदा केल्यास त्या दोन अहवालांमधील फरक बरेच काही सांगून जातो. पीएफएपीएमध्ये दाह दर्शवणारे आकडे तापात वाढतात आणि नंतर पूर्ववत होतात. ताप नेमका तीन आठवड्यांच्या चक्राने येत असेल, तर सायक्लिक न्यूट्रोपेनिया या विकाराचाही विचार होतो; त्यात रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी एक प्रकार ठरावीक दिवशी अतिशय कमी होतो. तो ओळखण्यासाठी सुमारे सहा आठवडे वारंवार रक्त तपासावे लागते. ताप एक ते तीन दिवसच टिकून सोबत तीव्र पोटदुखी किंवा छातीत दुखणे असेल, तर आनुवंशिक तापांचा विचार होतो.

म्हणूनच तुम्हाला एक साधी वही करायला सांगतो. तीत नुसते 'ताप होता' असे लिहू नये. 'मंगळवार, संध्याकाळी 6 वाजता, 103.2, औषध देण्यापूर्वी. तोंडात खालच्या ओठाच्या आत एक पांढरा व्रण. खेळायला नको म्हणाला, पाणी मात्र प्यायला' अशी नोंद असावी. ताप नसलेल्या दिवसांचीही एक ओळ हवी, आणि महिन्यातून एकदा वजन. ही वही दोन-तीन तापांनंतर डॉक्टरांपुढे ठेवली, तर त्यांचा प्रश्न 'पुन्हा ताप?' असा न राहता 'याच अंतराने का?' असा होईल. पीएफएपीएचे निदान पक्के झाल्यास ताप सुरू होताच स्टेरॉइडचा एक डोस देण्याचा उपाय आहे. त्याने काही तासांत ताप उतरतो, पण काही मुलांत पुढची पाळी लवकर येऊ लागते. तो निर्णय डॉक्टरांचाच. काही मुलांना टॉन्सिल काढण्याचाही उपयोग होतो.

तोवर तापात पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या अंतराने द्यावे. ते आकडा खाली आणण्यासाठी नसून मुलाला बरे वाटावे म्हणून आहे. 103 वर हसत खेळणारे मूल 101 वर मलूल पडलेल्या मुलापेक्षा कमी चिंतेचे असते. थंड पाण्याच्या पट्ट्यांनी अंग शहारते, त्या टाळाव्यात. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये.

काही लक्षणे मात्र वहीत नोंदवून वाट पाहण्याजोगी नसतात : पाच दिवसांपलीकडे लांबलेला ताप, श्वासाची धाप, मान ताठ होणे, दाबूनही फिके न पडणारे लाल-जांभळे ठिपके, सांधे सुजणे, लघवी फार कमी होणे, झटका येणे किंवा मूल हाकेला नीट प्रतिसाद न देणे. अशा वेळी त्याच दिवशी, आणि धाप, ताठ मान, असे ठिपके, झटका किंवा प्रतिसाद न देणे यांत तत्काळ, रुग्णालय गाठावे. दोन तापांच्या मधल्या काळात वजन घटत असेल किंवा मूल थकलेले राहत असेल, तर वरील सर्व अंदाज बदलतात आणि तपासणी लवकर व्हायला हवी.

तुमचे काही चुकते आहे का, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही त्याला काय खाऊ घातले किंवा कोठे नेले, यामुळे असा ठरावीक पाळीचा ताप येत नाही. पुढच्या वेळी संध्याकाळी त्याचे डोळे जड दिसले, तर त्या क्षणाची वेळ वहीत लिहून ठेवा आणि ताप प्रत्यक्षात किती तासांनी चढला, तेही त्याखाली लिहा.