वाचकांचे प्रश्न : ‘लिस्बन मारू’वरील कैदी कोणी मारले?

प्रश्न : ‘लिस्बन मारू’ हे जपानी मालवाहू जहाज १९४२ मध्ये अमेरिकी पाणबुडीने बुडवले आणि त्यात शेकडो ब्रिटिश युद्धकैदी मृत्युमुखी पडले, असे वाचनात आले. मित्रराष्ट्राच्याच हातून असे कसे घडले? जहाजावर कैदी आहेत हे पाणबुडीला कळले नाही काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कळण्याजोगे काही नव्हतेच. १९२० मध्ये योकोहामा येथे बांधलेले हे जहाज निप्पॉन युसेन कंपनीचे होते. युद्धात ते लष्कराच्या दिमतीला गेले. २७ सप्टेंबर १९४२ रोजी ते हाँगकाँगहून जपानकडे निघाले, तेव्हा त्यावर १,८०० हून अधिक ब्रिटिश कैदी होते आणि मायदेशी परतणारे सुमारे पावणेआठशे जपानी सैनिकही होते. कैदी असल्याची कोणतीही खूण जहाजावर नव्हती. त्यामुळे १ ऑक्टोबरच्या सकाळी ‘ग्रूपर’ या पाणबुडीला समोर दिसले ते शत्रूचे सैन्यवाहू जहाज, आणि तिने टॉर्पेडो सोडले. अशी दुर्घटना एकच नव्हे : जानेवारी १९४३ मध्ये न्यू गिनीजवळ बुडवलेल्या ‘बुयो मारू’वर तर आपले भारतीय युद्धकैदी होते.

मात्र टॉर्पेडोने जहाज बुडवले एवढ्यावर थांबणे मला अन्यायाचे वाटते. पिछाडीला भगदाड पडलेले ते जहाज लगेच बुडाले नाही. ते चोवीस तासांहून अधिक काळ तरंगत राहिले. एवढ्या अवधीत जपानी सैनिकांना दुसऱ्या जहाजांवर सुखरूप हलवण्यात आले. कैद्यांना मात्र मालाच्या तीन कोठारांतच ठेवून वरच्या तोंडांवर फळ्या टाकल्या, त्यावर ताडपत्री ओढली आणि ती दोरखंडांनी आवळली. आत ना हवा, ना उजेड, ना पाणी. तिसऱ्या कोठारात तोफखान्याचे जवान होते. तेथे पाणी शिरू लागले तेव्हा गुदमरवणाऱ्या उकाड्यात ते पाळीपाळीने पंप ओढत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज कलू लागले, तेव्हा मधल्या कोठारातील काही जणांनी सुरीने ताडपत्री फाडून वाट काढली, तर पहारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. तिसऱ्या कोठाराची शिडी तुटली आणि तेथील बहुतेकांना वर येताच आले नाही. एकूण ८२८ कैदी मरण पावले. यांतील किती मृत्यू टॉर्पेडोच्या खाती मांडायचे आणि किती त्या ताडपत्रीच्या, हे वाचकांनीच ठरवावे. कप्तान क्योदा शिगेरू याने तोंडे बंद करण्यास आपला विरोध होता असा बचाव केला, तरी युद्धानंतर हाँगकाँगच्या लष्करी न्यायालयाने त्याला सात वर्षांची शिक्षा सुनावली.

पाण्यात उड्या घेतलेल्यांवरही आजूबाजूच्या जपानी नौकांतून सुरुवातीला गोळीबार झाला. तो थांबला त्याला एक मोठे कारण, जे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही, ते म्हणजे जवळच्या डोंगजी बेटांवरील चिनी कोळी. आपल्या छोट्या होड्या वल्हवत ते जपान्यांच्या डोळ्यांदेखत त्या गर्दीत शिरले आणि त्यांनी ३८४ जणांना बाहेर काढले. पुढे जपानी सैनिक बेटांवर येऊन कैद्यांना परत घेऊन गेले. पण तिघांना त्या कोळ्यांनी एका गुहेत दडवून ठेवले होते, आणि ते तिघे चीनच्या युद्धकालीन राजधानीत, चोंगचिंगला, पोहोचले. ‘लिस्बन मारू’वर काय घडले याची हकिगत जगाला त्यांच्याच तोंडून समजली.