खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ७८ वर्षांची आई भीतीने पाऊलच टाकत नाही. चिंतेमुळे बरे होणे लांबते का?

होय, लांबते, मात्र चिंतेचा फटका हाड जुळण्यापेक्षा चालण्याला अधिक बसतो, कारण पुन्हा पडण्याच्या धास्तीने रुग्ण पायावर भार देणे टाळतो, मांडीचे स्नायू काही दिवसांतच क्षीण होऊ लागतात, तोल बिघडतो आणि ज्या पडण्याची भीती होती त्याचीच शक्यता वाढते. वृद्धांच्या फिजिओथेरपीत मी हे नेहमी पाहते: वॉकर इतका आवळून धरलेला की बोटांची पेरे पांढरी पडलेली, नजर फरशीला खिळलेली. ही भीती मोजताही येते. ‘फॉल्स एफिकसी स्केल इंटरनॅशनल’ या प्रश्नावलीत अंघोळ, जिना, निसरडी जागा अशा १६ बाबी विचारून १६ ते ६४ गुण देतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे वैद्यकीय अडचण नसल्यास शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी हालचाल सुरू करण्यास सांगतात, तेव्हा आईंना थांबवून ठेवू नये. डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळी व्यायामाआधी द्यावी, पहिले उद्दिष्ट पलंगापासून खुर्चीपर्यंतचेच असावे, आणि घरच्यांनी ‘सांभाळ, पडशील’ हा जप बंद करावा (त्याने अपाय बराच होतो). तथापि प्रत्येक नकार भीतीचाच असतो असे नाही: भार देताच जांघेत तीव्र कळ येत असेल किंवा आई अचानक असंबद्ध बोलू लागल्या असतील, तर आधी शल्यविशारदांना दाखवावे, आणि चिंतेसाठी झोपेची गोळी स्वतःहून मुळीच देऊ नये, कारण तिच्या गुंगीत पडण्याचा धोका वाढतो.