रांगत्या बाळाचं कुंपण भिंतीला कसं बसवायचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच वस्तूबद्दल आहेत. सुटी पॅनल एकमेकांना जोडून उभं करायचं घरातलं कुंपण, म्हणजे ज्याला कुणी प्लेपेन म्हणतं, कुणी बेबी फेन्स. त्याचं एक टोक किंवा दोन्ही टोकं भिंतीला पक्की करायची, तर काय करावं?

प्रश्न : नऊ महिन्यांची नात हॉलभर रांगते. सहा पॅनलचं लोखंडी प्लेपेन आणलं, प्रत्येक पॅनल दोन फुटांचं. मोकळं उभं केलं की ती त्याला धरून उभी राहते आणि ढकलत ढकलत सगळं कुंपणच टीव्हीपाशी नेते. भिंतीला जोडायचे दोन क्लॅम्प सोबत आलेत, पण सुतार म्हणतो, भिंत सिपोरेक्सची आहे, स्क्रू पकडणार नाही. — एक आजी, डोंबिवली

आजी, सुतार अर्धा बरोबर आहे. क्लॅम्पसोबत पुडीत येणारे छोटे प्लास्टिकचे प्लग सिपोरेक्समध्ये, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकमध्ये, टिकत नाहीत. पण भिंतीला जोडायचा विचार सोडू नका, कारण त्यात जागेचाही फायदा आहे. सहा पॅनलचा मोकळा षटकोन केला तर आत जेमतेम 10 चौरस फूट मिळतात. तीच पॅनल खोलीच्या कोपऱ्यात तीन-तीन अशी काटकोनात लावली आणि उरलेल्या दोन बाजू भिंतींनी भरल्या, तर 6 बाय 6, म्हणजे 36 चौरस फूट होतात. साडेतीन पट.

आधी भिंत खरंच कशाची आहे ते बघा. सोफ्यामागे एखादं बारीक भोक पाडा आणि गळणारा भुगा कागदावर धरा. पहिला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर गिलावाच असतो, तो सोडून द्या. त्यापुढे लाल भुगा आला तर वीट. पांढुरका, हलका, रव्यासारखा आला आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक. करडी पूड येते आणि बिट पुढे सरकतच नाही, तर काँक्रीट. नव्या टॉवरमधल्या माइवनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या, भिंती अशाच असतात.

वीट असेल तर काम सोपं. 8 मिमीचं बिट, 70 मिमी खोल भोक. बिटवर 70 मिमीला चिकटपट्टीची खूण करून ठेवा. 40 मिमीचा प्लग (दुकानात ‘गिट्टी’ म्हटलं तरी कळतं) गिलाव्याच्या पातळीवर न ठेवता आणखी दीड सेंटिमीटर आत ढकला. प्लग फुगायला हवा तो विटेत, गिलाव्यात नाही. गिलाव्यात फुगला की तो गिलावा फोडतो. वर 10 नंबरचा अडीच इंची स्क्रू.

काँक्रीटला साधं ड्रिल लावून अर्धा तास झगडू नका, रोटरी हॅमर एक दिवस भाड्यानं आणा. खोली 55 मिमी पुरते आणि स्क्रू दोन इंची. मध्येच बिट थडकून थांबलं तर ती सळई आहे. जोर लावू नका, इंचभर बाजूला सरका.

तुमच्या सिपोरेक्सला ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा. हॅमरनं भोक आतून मोठं होतं आणि प्लग गरगर फिरतो. मग लोक त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबतात. त्या चार दिवस धरतात आणि मूल लोंबकळलं की भुग्यासकट बाहेर येतात. क्लॅम्प थेट भिंतीवर न लावता आधी एक इंच जाडीची, तीन इंच रुंदीची, पॅनलच्या उंचीची सागवानी पट्टी बसवा. तिला चार ठिकाणी 8 बाय 100 मिमीचे लांब फ्रेम प्लग लावायचे. पट्टीची 25 मिमी जाडी आणि 15 मिमी गिलावा वजा केला तरी ब्लॉकमध्ये 60 मिमी पकड उरते. क्लॅम्प मग पट्टीवर एक इंची लाकडी स्क्रूनं. याच पट्टीनं स्कर्टिंगचीही अडचण सुटते. स्कर्टिंगची फरशी भिंतीपुढे 8-10 मिमी आलेली असते, त्यामुळे क्लॅम्प खाली टेकतो आणि वर हलत राहतो. पट्टी स्कर्टिंगच्या वरून सुरू करा, म्हणजे क्लॅम्प स्कर्टिंगच्या पुढे येतो आणि सरळ बसतो.

भोकं पाडायच्या आधी सगळी पॅनल जागेवर उभी करून बघा. आत फोमची चटई टाकणार असाल आणि पॅनलचे पाय तिच्यावर येणार असतील, तर ती आत्ताच टाका. कुंपणाचं वजन फरशीनं पेलायचं असतं, भिंतीनं फक्त ओढ धरायची. चटई नंतर आणली की पॅनल 15-20 मिमी वर उचललं जातं, खुंटी क्लॅम्पमध्ये तिरकी अडकते आणि खालचा स्क्रू सैल होतो. उलट क्लॅम्प वर लागला तर पॅनल अधांतरी लोंबतं. पाय टेकलेले असताना क्लॅम्प धरून पेन्सिलनं खुणा करा, ओळंबा लावा, मगच ड्रिल. मूल ओढतं ते वरच्या कडेला, म्हणून सगळा जोर वरच्या स्क्रूवर येतो. तिथे हलगर्जी नको.

तीन पॅनल एका रेषेत आली की मधला सांधा आत-बाहेर डुलतो. सांध्याच्या चकत्या घट्ट करा आणि मधलं पॅनल वीतभर बाहेर काढा. सरळ भिंतीपेक्षा किंचित दुमडलेलं कुंपण जास्त ताठ उभं राहतं.

शेवटचं. भिंत कुंपणाचा भाग झाली की भिंतीवरचं सगळं आतल्या बाजूला आलं. खालचा प्लग पॉइंट, टीव्हीची वायर, पडद्याची दोरी. हे जिथे नाही असा कोपरा निवडा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नका, वायरचा पाइप बहुधा तिथूनच उतरतो. पलीकडे बाथरूम असेल तर ती भिंत सोडून द्या.

प्रश्न : भाड्याचं घर आहे, मालक खिळाही मारू देत नाहीत. दुहेरी टेपनं क्लॅम्प चिकटवला, तो आठव्या दिवशी रंगाच्या पापुद्र्यासकट हातात आला. — एक वाचक, कोथरूड

टेपचा दोष नाही. टेप रंगाला धरते, रंग पुट्टीला, पुट्टी गिलाव्याला, आणि यातलं सगळ्यात कच्चं जे असेल ते सुटतं. दुप्पट टेप लावलीत तर दुप्पट पापुद्रा निघेल.

कुंपण बंद आकारातच ठेवा, पण आत एकसंध रबरी चटई टाका आणि सगळ्या पॅनलचे पाय तिच्यावर येऊ द्या. मूल चटईवर उभं राहिलं की त्याच्याच वजनानं ती दाबून राहते, कुंपण फारसं सरकत नाही. व्हिट्रिफाइड फरशी आधी ओल्या फडक्यानं पुसा, धुळीवर रबरही घसरतं. आत सामान भरलेला जड दिवाण असेल तर त्याच्या पायाला नायलॉनच्या पट्ट्यानं वर-खाली दोन ठिकाणी बांधता येईल. मात्र दिवाणाचा बाक आतल्या बाजूला आला तर तीच पायरी होते, म्हणून दिवाणाची आखूड बाजू वापरा. शू रॅक, टीव्ही युनिट, पुस्तकांचं कपाट यांना कधीच बांधू नका. कुंपण हलेल त्याआधी कपाट अंगावर येईल.

किंवा उलटा विचार करा. मुलाला कोंडण्याऐवजी स्वयंपाकघराचं दार अडवा. दोन चौकटींमध्ये दाबून बसणारं गेट बिनभोकाचं असतं आणि दारात ते पुरतं. जिन्याच्या वरच्या तोंडाला मात्र असं गेट चालत नाही. तिथे स्क्रूनंच बसवलेलं हवं.

मालकांशी एकदा बोलून बघायला हरकत नाही. स्क्रू अर्धा घालून पकडीनं ओढला की प्लग निघतो आणि वॉल पुट्टीच्या दोन हातांत भोक बुजतं. एका हातात भरली तर वाळताना खळगा पडतो. रंगाचा ठिपका थोडा वेगळा दिसेल, हे त्यांना आधीच सांगा.

प्रश्न : जुनं चिऱ्याचं घर, पडवीतून अंगणात तीन पायऱ्या उतरतात. तिथे कुंपण लावायचंय. ड्रिल मारलं की चिरा भुसभुशीत होऊन ढासळतो. — रत्नागिरीहून

चिरा म्हणजे जांभा दगड. तो सच्छिद्र असतो, कुठे टणक तर कुठे हाताला लागेल इतका मऊ. सांध्यात ड्रिल मारूच नका, विशेषतः जुन्या चुन्याच्या किंवा मातीच्या सांध्यात. चिऱ्याच्या मध्यावर, हॅमर बंद ठेवून, 100 मिमी खोल भोक घ्या आणि जाळीच्या नळीसकट केमिकल अँकर, म्हणजे बोल्टभोवती घट्ट होणारं रसायन, भरा. नळी नसेल तर रसायन चिऱ्याच्या पोकळ्यांत पसरून जातं आणि बोल्टभोवती काहीच उरत नाही.

आम्हाला विचाराल तर तुमच्याकडचा गवंडी हे काम जास्त चांगलं करेल. दाराची चौकट धरायला जो लोखंडी होल्डफास्ट वापरतात, तोच इथे वापरायचा. चिऱ्यात दोन इंच रुंद, चार इंच खोल खाच, आतल्या बाजूला थोडी रुंद होत जाणारी. होल्डफास्टची फाटलेली शेपटी आत घालून एकास तीनचा माल भरायचा, आठवडाभर पाणी मारायचं, मग बाहेरच्या टोकाला क्लॅम्प बोल्टनं आवळायचा. सात दिवस थांबवत नाही म्हणून लोक तिसऱ्या दिवशीच कुंपण लटकवतात आणि मग होल्डफास्टला नावं ठेवतात.

खारी हवा आहे, स्क्रू-बोल्ट 316 स्टेनलेसचे घ्या. पिवळ्या मुलाम्याचे पहिल्याच पावसाळ्यानंतर गंजतात, आणि गंज चढलेला स्क्रू सैल झालाय की नाही ते हलवूनही कळत नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी पॅनल नको, जिन्यासाठी म्हणून विकलं जाणारं गेट हवं, आणि ते पडवीच्या आत उघडणारं. पायऱ्यांवर झुलत उघडणारं गेट मुलाला घेऊनच जातं.

प्रश्न : 28 किलोचा लॅब्रेडॉर. पाहुणे आले की त्याला कुंपणात ठेवतो. भिंतीचा स्क्रू नीट आहे, पण तो पॅनलच उचलून बाहेर येतो! — नागपूर

कुत्रा ढकलतो कमी, नाकानं उचलतो जास्त. बहुतेक क्लॅम्पमध्ये पॅनलची खुंटी वरून नुसती सोडलेली असते. बाळाला ते पुरतं. तुमच्याकडे खुंटीच्या खालच्या टोकाला भोक पाडून आर-पिन (इंग्रजी R च्या आकाराची तारेची पिन) घाला, किंवा क्लॅम्पच्या लगेच खाली पॅनलच्या गजावर नळ फिटिंगचा होज क्लिप आवळा. तो वर जाऊच देत नाही. प्रत्येक सांध्याला एक.

प्लास्टिकची पॅनल तो कुरतडेल, लोखंडीच घ्या. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढा, गजात अडकून फास बसू शकतो. मांजरासाठी कुणी विचारलं तर पैसे वाचवा.

प्रश्न : आमच्या घराच्या भिंती ड्रायवॉलच्या आहेत. क्लॅम्पसोबतचे प्लग चालतील का? — एडिसन, न्यू जर्सी

नाही. अर्धा इंच जिप्समचा बोर्ड बाळाच्या ओढीला टिकत नाही, प्लग भोकासकट बाहेर येतो. स्टड, म्हणजे बोर्डामागचे उभे लाकडी खांब, शोधा. ते साधारण 16 इंचांवर असतात आणि टू-बाय-फोरची प्रत्यक्ष रुंदी दीडच इंच असते, म्हणून स्टड फाइंडरनं दोन्ही कडा शोधून मधोमध खूण करा. एक अष्टमांश इंचाचं पायलट होल, वर अडीच इंची लाकडी स्क्रू. स्टड तुमच्या जागी नसेल तर दोन स्टडवर आडवी वन-बाय-फोरची फळी स्क्रूनं बसवा आणि क्लॅम्प तिच्यावर. अशा दोन फळ्या हव्यात, एक वर आणि एक खाली. जुनं, दुसऱ्याकडून मिळालेलं कुंपण असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. अमेरिकेत गेट आणि अशा कुंपणांसाठी सक्तीचे नियम जुलै 2021 पासून लागू झाले, त्याआधीचा माल त्यात बसेलच असं नाही. गजांमधली जागा मोजून बघा. प्लेपेनच्या गजांना तिथे 2⅜ इंच, म्हणजे 60 मिमीची मर्यादा आहे.

प्रश्न : देवघरासमोर हेच पॅनल लावलं तर चालेल का? — सातारा

लोखंडी लावा, प्लास्टिकचं नको, आणि समईपासून तीन फूट तरी लांब. मुलाचा हात गजांतून खांद्यापर्यंत जातो, ते अंतर धरूनच कुंपणाची जागा ठरवा. पेटती समई आणि एकटं मूल हे कुंपण असतानाही एका खोलीत नको.

प्रश्न : हे कुंपण कधी काढायचं? — अनेक वाचक

वय मोजण्यापेक्षा पाय बघा. वरच्या कडेवर हात टेकून एक पाय आडव्या पट्टीवर ठेवायला लागलं, की त्याच आठवड्यात काढा. बऱ्याच मुलांचं हे दोन वर्षांच्या आसपास होतं, काहींचं दीडच वर्षात. आतमध्ये मोठे ठोकळे, उशा, पालथी बादली असेल तर त्याहीआधी. तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी वरचा स्क्रू पेचकसानं तपासा. पाव फेरा फिरला तर आवळून ठेवा. फिरतच राहिला तर प्लग गेला. त्याच भोकात दुसरा घालू नका, दोन इंच वर नवं भोक घ्या.