पुस्तकं दोनच, मग पारितोषिक कसलं?

प्रश्न : सर, मी साक्री तालुक्यातली, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पांझरा नदीवरच्या फडपद्धतीवर, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतांच्या गटांना (फडांना) पाळीपाळीनं वाटून देण्याच्या जुन्या रीतीवर, प्रकल्प केला. आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयानं उत्कृष्ट विद्यार्थी प्रकल्पासाठी पारितोषिक ठेवलंय आणि ‘ग्रंथालयाचा वापर कसा केला’ यावर पाचशे शब्दांचं टिपण मागितलंय. खरं सांगते, निम्मं काम आजोबांमुळे झालं. ते पूर्वी पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी शेतांना सोडणारे, होते. पुस्तकं दोनच सापडली. मैत्रीण म्हणते, वीस पुस्तकांची यादी जोड, कोण बघतंय?

उत्तर : बघणारे बघतात, पोरी. माझी सगळी नोकरी धुळ्यात पुस्तकांच्या कपाटांत गेली. एकदा एका पठ्ठ्यानं ‘मार्चमध्ये वाचलेल्या’ यादीत असं पुस्तक घातलं होतं, जे दिवाळीपासून आमच्याकडून बांधणीला गेलेलं होतं! तेव्हा वीसचं सोड.

‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत पोस्टरपुढे उभं राहून निष्कर्ष सांगायचा असतो. इथे तुला वाट विचारलीय. तू काय शोधलंस, कुठल्या शब्दानं शोधलंस, कुठे हात रिकामे राहिले, ते लिही. दोनच पुस्तकं का सापडली, हाच तुझ्या टिपणाचा गाभा होऊ शकतो.

माझी शंका सांगतो. तू ‘धुळे जिल्हा’ असं टाकून शोधलं असणार. खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले, आणि १९६० पर्यंत तुझा मुलूख कागदोपत्री ‘पश्चिम खान्देश’ होता. त्याआधीचं सगळं नुसत्या ‘खान्देश’खाली. इंग्रजी नोंदीत धुळ्याचं ‘धुलिया’ आणि पांझरेचं ‘पांझ्रा’ झालेलं. एक मुलगा तीन दिवस माझ्यासमोर कार्डांचे खण उपसत होता. चौथ्या दिवशी ‘ख’चा खण ओढला आणि संध्याकाळपर्यंत जागचा हलला नाही. तूही पुन्हा शोध. १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड आख्खा खान्देशावर आहे, त्यातला सिंचनाचा भाग आधी काढ. मग धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात एक दिवस घाल. १९२७ पासूनची संस्था आहे. हवं ते मिळेलच असं नाही, पण काय मागितलं आणि काय मिळालं, ते त्याच रात्री वहीत टिपून ठेव.

आता आजोबा. त्यांना ‘माहिती दिल्याबद्दल आभार’ एवढ्यावर वाटेला लावू नकोस. मुलाखतीची तारीख, गाव, त्यांचं वय, किती वर्षं पाटकरी होते, कोणत्या बंधाऱ्यावर, हे सगळं संदर्भात यायला हवं. एका फडात एकच पीक का, पाण्याची पाळी कशी ठरायची, पाटकऱ्याला धान्य किती मिळायचं, हे त्यांच्याच शब्दांत उतरव. ते ‘आज पानी कोनं शे?’ म्हणाले असतील तर तसंच लिही, खाली प्रमाण मराठीत अर्थ दे. परीक्षकाला अहिराणी येत नसली तरी अर्थ वाचता येतो. गॅझेटियर आणि आजोबा यांचं जिथे जुळत नाही, तिथे दोघांचंही लिहून मोकळी हो, मिटवायला जाऊ नकोस.

आणि टिपण देण्याआधी एकदा आजोबांना वाचून दाखव. पाण्याच्या पाळीत कुठे चूक झाली असेल, तर परीक्षकांच्या आधी तेच तुला थांबवतील.